सिंधुच्या नावचा प्लॉट

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. नांदेड

मला बहीण हाय. एकेचाळीस वर्षं घरातली एकुलती एक पोरगी म्हणून मिरवले, अन् काल दुपारी अहमदपूरच्या घरात, आबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर, अण्णाराव वकिलांनी चष्मा पुसत पुसत ही बातमी दिली. आज बसमधून येताना मी तीनदा एकटीच हसले. शेजारच्या बाईनं जागा बदलली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात राहणार न्हाई, म्हणून ह्यांच्या शाळेतलं एक कोरं रजिस्टर ढापलं. (ह्यांचं नाव शिवमूर्ती. लिहिलं बघा. वहीत कोण ऐकतंय.)

झालं असं. आबांचं चौदावं शुक्रवारी उरकलं. माझे आबा म्हणजे सटवाजी कंडक्टर, अहमदपूर डेपो. गेले तेही बस स्टँडवरच्या बाकावर, हातात सुपारी धरून. काल वकील आले ते कागद घेऊनच. आबांनी सहा वर्षांमागं मृत्युपत्र रजिस्टर करून ठेवलेलं, अन् आम्हाला कुणाला पत्ता न्हाई. गावाकडची चार एकर अन् अहमदपूरचं घर, रामलिंग अन् वर्षाराणी दोघांत निम्मं निम्मं. रामलिंग माझा धाकटा भाऊ, बी-बियाण्याचं दुकान हाय त्याचं. वर्षाराणी म्हणजे मी. इथवर सगळ्यांनी माना हलवल्या. पुढचं मी जसंच्या तसं उतरवून आणलंय:

"अहमदपूर येथील नांदेड रोडवरील प्लॉट माझी मुलगी सिंधु, जन्म बिलोली, हिला द्यावा. त्यावर दुसऱ्या कोणीही हक्क सांगू नये. सिंधुने हा प्लॉट भावाच्या मायेपोटी सोडून देऊ नये, ही तिला हात जोडून विनंती."

रामलिंगनं कागद वकिलांच्या हातातनं ओढून स्वतः वाचला. त्याची बायको सुकन्या म्हणाली, "बिलोली म्हणजे?" हिशेब सगळ्यांचा एकच झाला. आबांची बारा वर्षं बिलोलीच्या गाडीवर ड्यूटी होती. अन् बिलोली माझ्या आईचं माहेर. सासुरवाडीच्या गावात असला उद्योग करायचा म्हणजे आबांची छातीच म्हणायची.

मला राग यायला पाहिजे होता. आई असती तर तिनं फोटोचा हार काढून घेतला असता. पण खरं लिहिते, मला तर उकळ्या फुटून राहिल्या होत्या. बहीण. लहानपणी शेजारच्या पोरींना बहिणींशी भांडताना बघून मी घरात येऊन भिंतीशी भांडायचे.

११ फेब्रुवारी

रामलिंगनं आबांच्या तिकिटाच्या पेटीचा फोटो पाठवला. जुनी पत्र्याची पेटी, माळ्यावर सापडली. झाकणाच्या आतल्या अंगाला खिळ्यानं कोरलंय: सिंधु. खाली त्यानं लिहिलं, "बघ तुझ्या बापाचे पराक्रम." जसा काही त्याचा कुणीच न्हाई.

फोटो बघून एक जुनी गोष्ट आठवली अन् हातातली गिऱ्हाइकाची साडी पिकोच्या मशीनखाली तशीच राहिली. सुट्टीत आबा मला गाडीवर घेऊन जायचे. खेळायला मला रद्द झालेली तिकिटं फाडून द्यायचे, पण कायम दोन. "हे तुझं, अन् हे तिचं." तिचं म्हणजे कुणाचं, असं विचारलं की नुसते हसायचे. मी ते दुसरं तिकीट बाहुलीला द्यायचे. आता कळलं. माझा बाप माझ्यासोबत गाडीत बसून दुसऱ्या लेकीला आठवत होता. आठ वर्षांची असताना कळलं असतं तर लई रडले असते. आज फक्त वाटलं, त्या पोरीचं तिकीट एवढी वर्षं माझ्याकडंच राहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज नायगावला आत्याकडं गेले. पार्वतीबाई आत्या, आबांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. दात न्हाईत, पण जबान हाय. गेल्या गेल्या शेंगदाण्याची चटणी अन् भाकर पुढं केली, सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. मी मोका बघून हळूच विचारलं, "आत्या, सिंधु कोण?"

आत्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं चक्कर येती की काय. मग पदर तोंडाला लावला.

"चाळीस वर्सं झाली की गं. मी आडवी आले, कबूल हाय. सटवाजी वरीसभर माझ्याशी बोलला न्हाई. आता तो गेला, तू कशाला उकरून काढून राहिलीस?"

"मी भांडायला न्हाई आले, आत्या."

"मग इषय बंद कर. खा ती भाकर."

म्हणजे आत्यानंच सिंधुच्या आईला घरात येऊ दिलं न्हाई. परत येताना मला त्या बाईची इतकी दया आली की नायगावच्या स्टँडवर तिच्या नावानं एक उसाचा रस प्याले. ह्यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले अन् म्हणाले, "तुझा जन्म कुठला गं?"

"अहमदपूर. शाळेच्या टीसीवर लिहिलेलं हाय."

"टीसी कुणी लिहिली?"

"शाळेच्या गुरुजींनी, आणखी कुणी?"

हे म्हणाले, "हं." अन् ताक मागितलं. ह्यांना कधी कशाची उत्सुकता म्हणून न्हाई.

२४ फेब्रुवारी

सही झाली. आपल्याकडं कसं असतं, बाप गेला की वर्षाच्या आत बहिणींनी रजिस्ट्री ऑफिसला जायचं, हक्कसोड करून द्यायची, भावानं साडी नेसवायची. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी केलं. न करणारीला माहेरचा उंबरा जड होतो. रामलिंगनं तोंडानं एकदाही मागितलं न्हाई, फक्त सुकन्यानं फोन करून विचारलं, "वन्सं, साडी कुठल्या रंगाची घेऊ?" त्यात सगळं आलं.

माझी कुरकुर नव्हती. पण सिंधुचं काय? रामलिंगला त्या प्लॉटवर मोठं दुकान टाकायचं हाय, गोडाऊनसकट. तो म्हणतो, पेपरात नोटीस देऊ, तीस दिवसांत सिंधु नावाची कुणी आली न्हाई तर अशी कुणी नव्हतीच असा अर्ज करू, मग वकील बघतील. बोलताना त्याची नजर माझ्याकडं न्हाई.

मग माझ्या अंगात कुठनं बळ आलं देव जाणे. मी रजिस्ट्री ऑफिसच्या बाकड्यावर फतकल मारली. म्हणलं, आधी तू लिहून दे. सिंधु तीस दिवसांत सापडली, तर प्लॉट तिचा, तू आडवा येणार न्हाईस, कोर्टात जाणार न्हाईस. ते दे, मग माझी सही घे.

"अक्का, कोण कुठली बाई, तिच्यासाठी तू माझ्याशी भांडतीस?"

"कोण कुठली न्हाई. आबांची हाय."

"स्वतःच्या हिश्श्यासाठी तर कधी एवढं तोंड उघडलं न्हाईस."

"माझं सोड. तिच्या बाजूनं बोलणारं कुणी हाय का इथं?"

अण्णाराव वकील खाली बघून हसत होते का खोकत होते, कळलं न्हाई. त्यांनीच कागद केला. रामलिंगनं दात ओठ खात सही केली. मग मी केली, फोटो काढला, अंगठा दिला. वर्षाराणी शिवमूर्ती, हक्क सोडला.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून हिशेब केला. आता माझ्या नावावर बचत गटातनं घेतलेली एक पिको मशीन हाय, बाकी काही न्हाई. सुकन्यानं साडी नेसवली, जांभळी, काठ बरा हाय. मी तिला म्हणलं, लई छान. अन् बसमध्ये बसल्यावर पुन्हा सिंधुचा विचार सुरू झाला, ते बरं झालं.

६ मार्च

आज नोटीस छापून आली. "सिंधु, वडील सटवाजी, जन्म बिलोली, यांनी तीस दिवसांत कागदपत्रांसह संपर्क साधावा." खाली माझा नंबर. रामलिंगचा टाकायला मी तयार नव्हते.

९ मार्च

आतापावेतो सात सिंधु. एकीला नोटीस म्हणजे नोकरीची जाहिरात वाटली. एक सत्तर वर्षांची, नायगाव तालुक्यातली, म्हणाली माझ्या वडिलांचं नाव सटवाजी न्हाई पण प्लॉट चालंल. एका बाप्यानं फोन केला, त्याच्या बायकोचं नाव सिंधु, ती रुसून माहेरी गेली, तुम्हाला सापडली तर कळवा म्हणे. मी त्याची समजूत घालत अर्धा तास बोलले. एक खरी वाटली, वडील एसटीतच होते, तिचा आवाजही आबांसारखा घोगरा. मी पत्ता लिहून घ्यायला पेन काढलं. मग कळलं तिचे वडील ड्रायव्हर होते अन् अजून ठणठणीत हायत, तिच्या मागूनच त्यांनी ओरडून विचारलं, "कोण हाय गं?"

हे म्हणतात, पिकोचं दुकान बंद करून कॉल सेंटर काढ.

११ मार्च

आज माझा वाढदिवस. बेचाळीस पूर्ण. दरसाल सकाळी सहाला आबांचा फोन यायचा, "उठलीस का गं बाई?" एवढंच. आज सहाला जाग आली अन् मी फोनकडं बघत बसले. मग अंथरुणात तोंड खुपसून मनसोक्त रडले. हे उठले, काही न बोलता चहा करून आणला, साखर टाकायची विसरले.

दुपारी बाजारात जाऊन सिंधुसाठी साडी घेतली. मोरपंखी, आबांना तो रंग आवडायचा. माहेरची पहिली साडी असणार तिची, मग फॉल-पिको मीच केलं, फॉल हातशिलाईनं, गिऱ्हाइकांना सांगितलं आज सुट्टी. ब्लाउजचं माप कुठं हाय माझ्याकडं? विचार करून माझंच धरलं. बहीणच ती, असंल माझ्यासारखीच. बाह्या मात्र जरा सैल ठेवल्या, आबांच्या घरचे दंड भक्कम.

२० मार्च

कुणाचाच फोन न्हाई. सोळा दिवस राहिले. काल रामलिंगनं सहज म्हणून फोन केला अन् हवापाण्याचं बोलला. त्याला एवढी हवा कधी लागत नव्हती.

मला आता भीती वाटून राहिली. ती गेली तर नसंल ना? का नोटीस वाचून तिला लाज वाटली? मी तिच्या जागी असते तर आले असते का? न्हाई आले. मी म्हणले असते, जाऊ द्या, कशाला कुणाचं घ्या.

२७ मार्च, गुरुवार. बिलोली

बसमध्ये बसूनच लिहून राहिले. अक्षर वाकडं होतंय ते गाडीमुळं अन् माझ्यामुळं.

सकाळी हेच म्हणाले, "जन्माची नोंद असतीच की कुठं तरी. जा बिलोलीला, नगर परिषदेत विचार." एवढे दिवस का सुचवलं न्हाई विचारलं, तर म्हणाले, "तू विचारलं न्हाईस." साडीची पिशवी घेऊन निघाले, न जाणो भेटलीच तर.

ऑफिसात जन्म-मृत्यूच्या टेबलावर लुंबिनी नावाची पोरगी बसलेली, हुशार, पटपट बोलणारी. मला आबांच्या ड्यूटीची वर्षं माहीत, पण सिंधुचं वय ठाऊक न्हाई. तर ती म्हणाली, "ताई, मग वडिलांच्या नावावरनं बघू. बसा निवांत." तिनं जुनी रजिस्टरं काढली, कापडात बांधलेली, अन् एक एक पान बोटानं खाली सरकत गेली. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मला सिंधुपेक्षा तिच्या आईचं नाव वाचायचं होतं. कोण होती ती, ज्या बाईपायी आत्या आडवी आली.

साडेबाराला लुंबिनी म्हणाली, "सापडली. सिंधु. वडील सटवाजी, धंदा कंडक्टर."

मी म्हणलं, "आईचं नाव वाच."

"साखराबाई."

मी म्हणलं, नीट वाच. साखराबाई माझ्या आईचं नाव हाय.

तिनं रजिस्टर माझ्याकडं वळवलं. साखराबाई सटवाजी. बाजूला, पहिले अपत्य. जन्म, ११ मार्च १९८३. खबर देणाऱ्याची सही, आबांची, त्यातला स असा लांबडा, पेटीवर कोरलाय तस्साच.

आईची पहिली खेप, माहेरीच झाली असणार. सगळ्यांच्या होतात. माझ्या डोक्यात हे आधी का आलं न्हाई?

लुंबिनीनं पाणी दिलं. म्हणाली, "ताई, ह्या कोण तुमच्या?"

मला हसू फुटलं ते आवरेना. टेबलावर डोकं टेकवून हसले, आजूबाजूचे बाबू उठून बघायला आले. मग रडू यायला लागलं, तेही हसण्यातच मिसळलं. लुंबिनी बिचारी दाखल्याचा अर्ज माझ्या हातात देऊन म्हणाली, "भरा, अर्जदाराचं नातं लिहा." मी अर्धा मिनिट पेन धरून बसले. काय लिहू? स्वतः, असं लिहिलं.

२७ मार्च, संध्याकाळ. नायगाव

बस नायगावला थांबली अन् मी उतरले. आत्या ओट्यावर लसूण सोलत होती. मी तिच्यापुढं दाखला धरला. तिला वाचता येत न्हाई. म्हणलं, "आत्या, सिंधु मीच हाय व्हय गं?"

"मग कोण? मी काय सांगत होते तुला?"

मग सगळं बाहेर आलं. आबांनी दवाखान्यातच सिंधु लिहून टाकलं होतं. बारशाच्या दिवशी तेच नाव चिठ्ठीवर लिहून आत्याकडं दिलं, वाचायला शेजारीण उभी केली. पण आपल्याकडं पाळण्यात नाव ठेवायचा अधिकार आत्याचा, अन् बापानं बारा दिवस आधीच परस्पर सरकारी दप्तरात नाव घातलं म्हणून पार्वतीबाईंचं पित्त खवळलेलं. तिनं चिठ्ठी पोलक्यात कोंबली, बाळाच्या कानाला तोंड लावलं अन् वर्षाराणी म्हणून मोकळी झाली. पाठीवर बुक्क्या बसल्या, पेढे वाटले, झालं. पुढं शाळेतही तेच लागलं.

"सटवाजी मला म्हणला, तुझ्या अधिकाराला मी हात लावत न्हाई आत्याबाई. जगासाठी वर्षाराणी असू दे. पण एक नाव माझ्याकडं राहील. मला वाटलं रागानं बोलतोय."

"मग त्या दिवशी सांगितलं का न्हाईस?"

"तू चाळीस वर्सांनी येऊन तोंडावर सिंधु कोण म्हणून इचारलीस. मला वाटलं टोमणा मारतीस." आत्यानं नाक पुसलं. "नाव चांगलं होतं गं त्याचं. मलाच चांगलं लागलं न्हाई तवा."

मी तिच्या घरातच ती मोरपंखी साडी नेसले. ब्लाउज बाह्यांतसुद्धा बरोब्बर बसला. आत्या म्हणाली, "कुणी शिवलं?"

२९ मार्च

दोन दिवस डोक्यात एकच चालूय. आबांना माझा स्वभाव माहीत होता. वर्षाराणीला कुणी साडीचा रंग विचारला की ती सही करून मोकळी होणार, हे त्यांना सहा वर्षांआधीच दिसत होतं. म्हणून निम्मं शेत तिच्या नावानं ठेवलं, सोडायला. अन् जे राहावं असं वाटत होतं ते अशा पोरीच्या नावानं ठेवलं, जी कुणाला माहीतच न्हाई, म्हणून जिच्याकडं मागायला कुणी जाणारच न्हाई. कंडक्टरचं डोकं. दोन तिकिटं फाडली, एक गेलं तर दुसरं असू द्या म्हणून.

अन् ते सापडावं म्हणून मी भांडावं, हेही त्यांनी धरलं होतं का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बापाला विचार." अन् गालात हसले. वाटतं, ह्यांना ताकाच्या दिवशीच कळलं होतं. दीड महिना मला एसटीनं फिरू दिलं. ह्यांच्याकडं नंतर बघते.

३ एप्रिल

अण्णाराव वकिलांनी प्रतिज्ञापत्र केलं. सिंधु अन् वर्षाराणी ही एकाच बाईची दोन नावं. दाखला जोडला, आत्याचा अंगठा घेतला. मुदतीच्या दोन दिवस आधी. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? म्हणाले, "तुमच्या आबांनी मला फक्त एवढंच सांगितलं होतं, वकीलसाहेब, माझी लेक स्वतःसाठी भांडत न्हाई, दुसरीसाठी भांडंल." मग त्यांनी परत चष्मा पुसला.

१३ एप्रिल, रविवार. नांदेड

आज रामलिंग आला. एकटाच, सुकन्याशिवाय. हातात पेढे, साडीचा बॉक्स अन् कागदाची पिशवी. आधी खूप हसला, "अक्का, आबांनी काय गंमत केली," असं चारदा म्हणाला. मलाही हसू येत होतं, भाऊच तो, लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरले. आम्ही दोघं आबांची नक्कल करून हसलो, पुढं सरका पुढं सरका, मागं लई जागा हाय. ह्यांनी चहा केला, साखर घालून.

मग त्यानं पिशवीतनं स्टॅम्पपेपर काढून टीपॉयवर ठेवला.

"तूच सिंधु निघालीस म्हणल्यावर कामच सोपं झालं की. घरातल्या घरात हाय. एक सही तेवढी राहिली."

ह्यांनी कप खाली ठेवला. मी स्टॅम्पपेपरकडं बघितलं, मग मोरपंखी साडीच्या निऱ्या नीट केल्या. आजही तीच नेसले होते.

म्हणलं, "माझी सही तर तू फेब्रुवारीतच नेलीस, रामू. माझ्याकडं आता काय हाय? प्लॉट सिंधुचा हाय. तिला विचारावं लागंल."

"मग विचार की."

मी आतल्या खोलीत गेले. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले, भरपूर वेळ घेतला, तो बाहेर पेढ्याचा बॉक्स उघडून बसला होता. मग बाहेर आले, त्याला आणखी एक पेढा दिला अन् सांगितलं.

विचारलं बाबा. सिंधु न्हाई म्हणती.